नगाऱ्यातला कांडणाचा ठेका

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीलाही जो काळ ऐकूनच ठाऊक होता त्या काळी, एका डोंगराळ मुलखावर एक राणी राज्य करायची. मुलूख छोटा, पण तिथल्या माणसांचा तोरा मोठा. गडाच्या दरवाजावर एक भला थोरला नगारा होता आणि त्या नगाऱ्याची एक रीत होती.

मुलखातल्या प्रत्येक गावाचा स्वतःचा एक ठेका असे. गडाच्या वीरांनी लढाई जिंकली, की शेवटचा घाव ज्याने घातला त्याच्या गावाचा ठेका नगाऱ्यावर वाजायचा. आवाज खोऱ्यात दूरवर जायचा. त्या गावातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची, एकमेकांकडे बघायची आणि मग दिवसभर उगाचच ताठ मानेने हिंडायची. बाकीची गावं आपली गप्प बसून आपल्या पाळीची वाट बघत.

होता होता गडावरचे जुने वीर म्हातारे झाले. कुणाचे गुडघे धरले, कुणाला समोरचं दिसेना. राणीने नवे वीर बोलावले आणि अचाट शक्तीची तीन माणसं गडावर आली.

पहिला हैबती. त्याच्या एका बुक्कीत कातळाचे तुकडे व्हायचे. दुसरा कान्हू, तो असा पळायचा की फांदीवरून सुटलेलं पान जमिनीवर पडायच्या आत झेलून आणायचा. तिसरी सगुणा. तिची शक्ती बघणाऱ्याला फारशी दिसायची नाही. तिने दोन्ही हातांनी जे धरलं, ते ती सोडेपर्यंत जागचं हलत नसे. उधळलेला बैल असो की घरंगळता धोंडा, सगुणेने धरला की संपलं.

सगुणा तळ्याच्या बांधाखालच्या एका वाडीतली. वाडी इतकी लहान, की तिला ठेकाच नव्हता. तिथून गडावर वीर म्हणून कधी कुणी गेलंच नव्हतं, मग ठेका बांधणार कोण आणि कशाला? निघताना सगुणेने आईला सांगितलं होतं, की आपल्या वाडीचा ठेका मी नगाऱ्यावर वाजवून दाखवीन. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरीचं गाठोडं हातात दिलं.

गडावर येऊन पाहते तर काय, चोर धरायचे सगुणेने आणि शेवटचा फटका मारायचा हैबतीने. पिसाळलेला रेडा रोखायचा तिने आणि दोर टाकायचा कान्हूने. ठेका वाजायचा त्यांच्या गावांचा. सगुणा बाजूला उभी राहून हाताला लागलेली माती झाडायची. वाईट वाटायचंच, का नाही वाटणार?

अशात डोंगरावरून धोंडासुर उतरला. हा राक्षस दगडांचाच बनलेला आणि दगडच खाणारा. जितके खाईल तितका मोठा व्हायचा. त्याचा हात तोडावा तर तुकडे घरंगळत परत येऊन खांद्याला चिकटायचे. वाहतं पाणी मात्र त्याच्या दगडांना ओलांडता येत नसे. आणि त्याला वास लागला होता तळ्याच्या दगडी बांधाचा. बांध फुटला असता तर खालची वाडी पाण्याखाली जाणार होती.

वीर धावले. सगुणेने राक्षसाची टाच दोन्ही हातांनी आवळली. तो गरगर डोळे फिरवत जागीच खिळला. हैबतीने बुक्क्या मारून त्याचा एक हात उडवला. ते तुकडे उचलून नदीपलीकडे टाकायचं काम कान्हूचं होतं. पण कान्हू भाला घेऊन थेट राक्षसाच्या डोक्याकडे झेपावला, कारण डोकं फोडणाऱ्याचाच घाव शेवटचा ठरणार, असं त्याला वाटलं. हैबतीने त्याला ढकलून दिलं आणि स्वतःची मूठ उगारली.

सगुणेने खालून ती मूठ पाहिली. आता पुन्हा हैबतीच्या गावाचा ठेका वाजणार, हे तिला कळलं. आपल्याच घराच्या रक्षणाच्या लढाईतही आपण नुसतं धरूनच ठेवायचं का, असं तिच्या मनात आलं आणि तिने टाच सोडून बाजूला पडलेली पहार उचलली.

टाच सुटताच धोंडासुराने लाथ झाडली. तिघेही तीन दिशांना उडाले. लाथेने बांधाचा कोपरा ढासळला, राक्षस तिथले दगड घेऊन चघळत डोंगरात निघून गेला आणि तळ्याचं पाणी वाडीच्या भातखाचरांत घुसलं. माणसं वाचली. उभं पीक वाहून गेलं.

त्या दिवशी नगारा वाजला नाही. गडावर मात्र भांडणाचा आवाज बराच वेळ येत होता. हैबती म्हणे कान्हू मध्ये आला, कान्हू म्हणे हैबतीने ढकललं आणि दोघं मिळून म्हणत, की सगुणेने सोडलं. शेवटचं खरं होतं, हे सगुणेला ठाऊक होतं.

गवंड्यांनी बांध कसाबसा सांधला आणि सगुणा मान खाली घालून वाडीवर गेली. आई आणि शेजारीण दारात भात कांडत होत्या. वाहून जाता जाता हाती लागलेलं तेवढंच भात होतं. एकच उखळ, दोन मुसळं. एकीचं वर जाई तेव्हा दुसरीचं खाली येई. आई लेकीला ना रागावली, ना तिने तिला जवळ घेतलं. तिसरं मुसळ पुढे केलं.

सगुणा कांडू लागली आणि पहिल्याच घावाला तिचं मुसळ आईच्या मुसळावर आदळलं. पुन्हा उचललं, पुन्हा आदळलं.

आई म्हणाली, "मुसळाकडं नगं बघूस, बाय. उखळात बघ."

सगुणेने उखळात बघितलं. हळूहळू तिघींचे हात जुळले. मग सगुणेने विचारलं, की यातला शेवटचा दाणा कुणाच्या घावाने सुटला हे कसं कळतं?

शेजारीण हसायलाच लागली. आई हसली नाही. सुपातले तांदूळ पाखडत ती म्हणाली, "कुणाच्या का सुटंना. ताटात भात आला म्हंजी झालं."

सगुणा दुसऱ्या दिवशी गडावर आली ती डोक्यावर दगडी उखळ आणि काखेत तीन मुसळं घेऊन. आधी तिने हैबती आणि कान्हूसमोर सरळ सांगितलं, की चूक माझी झाली. मग म्हणाली, आता कांडायला या.

हैबती हे बायकांचं काम म्हणून फुरंगटला. मग आला, तर पहिल्या घावात उखळाचे दोन तुकडे केले. दुसरं उखळ आणलं. कान्हूचं मुसळ दुसऱ्यांचं एकदा पडेस्तोवर तीनदा पडायचं आणि भाताचा पार भुगा व्हायचा. तटावर बसून शिपाई खिदळत होते. राज्याचे वीर कांडण शिकताहेत म्हटल्यावर कोण हसणार नाही?

पण हैबती जोर आवरायला शिकला. कान्हू थांबायला शिकला, आणि पळणाऱ्याला थांबणं किती जड जातं हे त्यालाच ठाऊक. सगुणा घावाघावाला "हं" म्हणून ठेका धरायची, तसे दोघे हात उचलायचे. एके दिवशी उखळातून पांढरेशुभ्र, अख्खे तांदूळ निघाले. तिघांनी त्याचा भात रांधला आणि एका ताटात जेवले. तटावरच्या शिपायांनाही वाढला, तेव्हा ते हसले नाहीत.

शेतात पुन्हा रोपं डोलू लागली होती, तेव्हा धोंडासुर परत आला. आता तो बांधाहून उंच झाला होता. भर दुपारी त्याची सावली वाडीवर पडली.

सगुणा पुढे झाली आणि तिने त्याची टाच धरली. तिने "हं" म्हटलं, हैबतीची बुक्की पडली. पुन्हा "हं" म्हटलं, कान्हूने तुकडे जमिनीवर पडायच्या आत उचलले आणि नदीपलीकडे टाकले. घाव, उचल, घाव, उचल. राक्षसाचा एक हात गेला, मग दुसरा, मग डोकं. पण डोकं गेलं तरी त्याचा जीव जाईना, तो बांधाकडे वाकतच राहिला. टोकदार दगडांनी सगुणेचे तळवे फाटले. तिने पकड ढिली केली नाही.

अखेर राक्षसाची ती टाचच तेवढी उरली, सगुणेच्या हातातली. तीही सुटू पाहत होती. हैबतीने मूठ उगारली आणि तो थबकला. एवढं सगळं जिने पेललं तिच्या हातून शेवटचा घाव हिसकावून घ्यायला त्याचं मन होईना.

तो म्हणाला, "सगुणे, हा घाव तुझा. घे पहार."

सगुणेला वाडी दिसत होती. आईला दिलेला शब्दही आठवत होता. पण हात सुटला तर टाच उसळून बांधावर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी उखळात बघतेय," ती म्हणाली. "मार तू. हं!"

हैबतीने मारलं. टाचेचा चुरा झाला आणि कान्हूने तो चुरा नदीपार केला. धोंडासुर संपला.

गडावर नगारची म्हातारबुवांनी रीतीप्रमाणे हैबतीच्या गावाच्या ठेक्यासाठी टिपऱ्या उचलल्या. हैबतीने त्यांचा हात धरला. हा घाव माझ्या एकट्याचा नव्हता, तो म्हणाला. म्हातारबुवा गोंधळले. एका लढाईला एकच ठेका, असं त्यांनी वाडवडिलांपासून ऐकलेलं. त्यांनी राणीकडे पाहिलं. राणीने सगुणेचे फाटलेले तळवे पाहिले आणि सांगितलं, की आज तिघांचे ठेके वाजू देत.

"हिच्या वाडीला ठेका कुठाय?" म्हातारबुवा म्हणाले.

सगुणा म्हणाली, "आहे. रोज वाजतो."

तिने रक्ताळलेल्या हातांनी टिपऱ्या घेतल्या आणि कांडणाचा ठेका धरला. धम, धम, धम. साधा, सरळ, कुठेही न चुकणारा. त्याच्या मधल्या जागांत हैबतीने आपल्या गावाचा ठेका बसवला, कान्हूने आपला. असा नगारा त्या खोऱ्याने कधी ऐकला नव्हता. दूरदूरची गावं कामं टाकून उभी राहिली आणि ज्याला त्याला त्यात आपलं गाव ऐकू आलं.

खाली वाडीत आई भात कांडत होती. तिचं मुसळ वरच्या वर थांबलं. शेजारणीने विचारलं, काय झालं गं? आईचा ऊर लेकीच्या अभिमानाने भरून आला होता. तिने मान ताठ केली, डोळे पुसले आणि डोंगरावरच्या नगाऱ्याबरोबर मुसळ पुन्हा खाली आणलं. वाडीतल्या साऱ्या बायका आपापली मुसळं घेऊन बाहेर आल्या.

तेव्हापासून त्या गडावर शेवटचा घाव कुणाचा, असं कुणी विचारत नाही. दरवाजाशी एक दगडी उखळ ठेवलेलं असतं. नवा वीर आला, की आधी त्याच्या हातात मुसळ देतात.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, यातून एवढंच घ्यायचं: शेवटचा घाव एकाचा दिसतो, पण विजय त्या सगळ्यांचा असतो ज्यांनी आपलं काम सोडलं नाही.