पहारीचा सुरा

एक होता राजा. पण आपली गोष्ट त्याची नाही बरं का! राजांच्या गोष्टी सांगायला पगारी भाट असतात. आपली गोष्ट आहे धुरपा लोहारणीची. सुमे, पाय आधी पांघरुणात घे, मग सांगते. हां, अस्सं.

तर ही धुरपा गावाबाहेर चिंचेखाली भट्टी लावून बसायची. पदर कमरेला खोचलेला, एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात हातोडा. बापानं जाताना तिला एक ऐरण दिली होती. काळी, ठेंगणी, नुसता ठोकळा म्हणा ना! पण त्या ऐरणीचं एक नवल होतं. लाल तापलेलं लोखंड तिच्यावर ठेवलं आणि घाव घातला, की ते लोखंड बोलायचं! आपल्या पोटात काय आहे ते खरंखरं सांगायचं. मात्र ऐकू कुणाला यायचं? ज्यानं स्वतः भाता ओढून घाम गाळलाय त्यालाच. बाकीच्यांना आपलं ठण् ठण् ठण्.

बापानं तिला एक रीतही घालून दिली होती. सुरा घडला की गिऱ्हाइकासमोर त्याच्या तीन परीक्षा घ्यायच्या. म्हशीच्या वाळक्या हाडावर घाव घालायचे. चिंचेच्या बेचक्यात अडकवून वाकवायचा. आणि बोथट झाला तर नदीतल्या साध्या गोट्यावर घासून धार येते का बघायची, कारण रानात कोण सहाण घेऊन बसलंय? तिन्हीत उतरला, तरच मुठीजवळ आपली खूण उठवायची, तीन टिंबं. नाही उतरला, तर आपल्या हातानं मोडून टाकायचा. मग गिऱ्हाईक कुणी का असेना.

एकदा काय झालं, राजा गेला शिकारीला. पुढं चालत होता भिवा वाटाड्या. झाडीतून आलं रानडुक्कर, हे एवढं! भिवानं दरबारातून मिळालेला सुरा उपसला, मारला, तर काडकन मोडला की हो! भिवाचा जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं गेली. आणि राजाला काय झालं? काय व्हायचंय त्याला, तो हत्तीवर बसला होता!

मग राजाचे सगळे सहा वाटाडे एक झाले. म्हणाले, "यापुढं सुऱ्यावर धुरपाबाईची तीन टिंबं असली तरच आम्ही रानात पाऊल टाकू."

मग राजानं धुरपाला बोलावलं. "धुरपे, सात सुरे हवेत. सहा यांना, एक मला. पोलाद मी देईन, तू घडव."

"आधी एकच घडवीन," धुरपा म्हणाली. "परीक्षेत उतरला तर बाकीचे."

राजानं पहिलं पोलाद दिलं ते परदेशी व्यापाऱ्याकडचं. आरशासारखं लखलखीत, कधी म्हणून गंजायचं नाही. धुरपानं ते तापवलं, ऐरणीवर ठेवलं, घाव घातला. पोलाद म्हणालं, "मला बघा! मला बघा!" धुरपानं कपाळाला हात लावला. सुरा झाला खरा देखणा, सगळा दरबार त्यात मिशा न्याहाळून गेला. पण हाडावर चार घाव बसले आणि धार अशी गेली, की त्यानं लोणीसुद्धा कापेना. धुरपानं घण घातला आणि मोडून टाकला.

मग राजानं दुसरं पोलाद दिलं. ते समुद्रापलीकडून पेट्यांतून आलेलं, कठीण म्हणजे किती कठीण! घाव घातला तर ते म्हणालं, "मला हात लावू नका!" सुरा झाला. धार अशी, की केस उभा चिरावा. हाडावर वीस घाव बसले तरी धार तश्शी! प्रधान टाळ्या वाजवायला लागला. मग धुरपानं तो बेचक्यात घालून वाकवला, तर काडकन दोन तुकडे. भिवानं कानांवर हात ठेवले. तोच आवाज होता बाबांनो, बोटं गेली तेव्हाचा. त्याचा सुराही याच पोलादाचा होता ना!

तिसऱ्या खेपेला राजानं काय दिलं असेल? आपल्या आजोबांची तलवार! सोन्याची नक्षी, मखमलीचं म्यान. "ही वितळव, पण यातून सुरा कर." धुरपानं तिलाही आगीत घातलं. घाव बसताच तलवार फणकारली, "मी कोणाची आहे, ठाऊक आहे का?" सुरा झाला, बेचक्यात वाकवला, तो वाकला तो वाकलाच. कुत्र्याचं शेपूट नुसतं!

धुरपा भर दरबारात म्हणाली, "महाराज, राग मानू नका. ही तलवार कधी लढाईत गेलीच नाही. आत मऊ लोखंड आहे आणि वर सोन्याचा मुलामा."

अगं बाई! राजा लालबुंद झाला. आजोबांची अब्रू चव्हाट्यावर आली ना! तो ओरडला, "पुरे झाली तुझी मिजास! त्या दुसऱ्या पोलादाचे सात सुरे माझ्या कारागिरांनी घडवलेत. सुरा कापायला असतो, वाकवायला नाही. उद्या तुझ्या भट्टीवर येतो. तीन टिंबं उठव, नाहीतर भट्टीवर पाणी ओतीन. पुन्हा या राज्यात तुझा विस्तव पेटणार नाही!"

दुसऱ्या दिवशी राजा आला. शिपाई आले, वाटाडे आले, सात सुरे आले, पाण्याची घागर आली. धुरपानं भट्टीकडे बघितलं. तिच्या बापानं पेटवलेला विस्तव होता तो, कधी विझू दिला नव्हता. टिंबं काय, तीन टिचक्यांचं काम! पण ती उठवली की सहा माणसं तिच्या शब्दावर डुकरासमोर उभी राहणार होती.

तिनं शिपायाच्या हातातली घागर हिसकावली. म्हणाली, "भट्टी माझी आहे, महाराज. विझवायचीच तर मीच विझवीन. पण ज्या पोलादानं भिवाची बोटं खाल्ली, त्यावर माझी खूण उठणार नाही. जा, करा काय करायचं ते!" आणि ओतली की घागर! भस्सकन वाफ उठली. धुरपाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणाली. खोटं बोलत होती, मला ठाऊक आहे.

मग राजा तिथूनच शिकारीला निघाला. भिवानं सुरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खाली ठेवला आणि तीन बोटांचा हात बगलेत घालून खाली बसला. म्हणाला, "खूण नाही, तर आम्ही नाही." बाकीचे पाचही बसले. प्रधान घसा बसेपर्यंत ओरडला, कुणी हललं नाही. वर हत्तीवरचा माहूतही खाली उतरून त्यांच्यात जाऊन बसला!

राजा हट्टाला पेटला. "मी एकटा जातो!" आणि गेला.

दिवस कलला तेव्हा परत आला, पायी. एक जोडा गायब, मुकुट गायब, हातात सुऱ्याची नुसती मूठ. डुकरानं मारलं म्हणता? छे! पाय वेलींच्या जाळ्यात अडकला, सोडवायला सुरा घालून पिळला, तर काडकन! मग आलं डुक्कर. ते समोर उभं राहून बघत होतं आणि हा नुसती मूठ पुढं धरून उभा होता. डुकरालाच कंटाळा आला नि ते निघून गेलं, म्हणून वाचला.

राजा सरळ चिंचेखाली आला. खाली मान घालून म्हणाला, "धुरपाबाई, भट्टी पेटवा."

बघा, कालची धुरपी आज धुरपाबाई झाली!

"पेटवीन की," ती म्हणाली. "पण भाता कोण ओढणार?" आणि त्याच्याकडेच बघत राहिली. राजानं बाह्या सरसावल्या.

मग तिनं कोपऱ्यातून एक पहार काढली. विहीर खणणाऱ्यांची, ओबडधोबड, तीस वर्षं काळ्या खडकावर आपटलेली. कधी मोडली नव्हती, कधी वाकली नव्हती.

"पहारीचा सुरा?" राजा कुरकुरला. "लोक हसतील."

"आत्ता काय कमी हसतायत?"

राजानं भाता ओढला. घामाच्या धारा लागल्या. पहार लाल झाली, घाव बसला आणि ती बोलली, "काम सांगा."

एवढंच. राजानं ऐकलं बरं का! तो भाता सोडून उभाच राहिला. "हे बोललं?"

"सगळंच बोलतं, महाराज. भाता ओढावा लागतो."

मग सुऱ्याला पाणी दिलं, कठीण केलं. मग गव्हाच्या काडाचा रंग येईतो हलकेच शेकून जरा मवाळ केलं. तिन्ही परीक्षा राजानं आपल्या हातानं घेतल्या. हाडावर टिकला, बेचक्यात वाकून सरळ झाला, नदीच्या गोट्यावर धार आली. धुरपानं टिंबं उठवली, एक, दोन, तीन. राजानं हात पुढं केला. धुरपानं सुरा भिवाला दिला.

"आणि माझा?" राजा म्हणाला.

"तुमचा सातवा. तोवर भाता ओढा."

आणि ओढला त्यानं! सातही सुरे झाले, वाटाडे रानातून धडधाकट घरी येऊ लागले, धुरपाची भट्टी पुन्हा कधी विझली नाही, आणि सगळे सुखात राहिले. बाब्या, हसू नकोस, डोळे मीट. सुमे, तूही. कुणी दटावून खोटी खूण उठवायला सांगितलं तर काय म्हणायचं, ते सकाळी मला सांगा. आता निजा.