पहिल्या पानावरचा लक्ष्मण

"पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत आहे, बुवा. मग तो येत का नाही?"

सिद्रामबुवा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन येत न्हाई?"

"लक्ष्मण."

"आनि पान कसलं?"

संपत लेंगरे सकाळी पुण्याहून निघाला होता, तो वाटेत कुठे न थांबता थेट डोंगराच्या पायथ्याशी, बुवांच्या मठीत येऊन बसला होता. मठी म्हणजे तरी काय, वर पत्रा, खाली ओटा आणि कोपऱ्यात एक माठ. लहानपणी धाकट्या भावाचा हात धरून तो इथे भजनाला यायचा. त्यानंतर पंधरा वर्षं मठीकडे फिरकला नव्हता. आज आला, कारण बाकीचे सगळे उपाय करून झाले होते.

त्याने मोबाइल पुढे धरला.

लोकांच्या वेबसाइट गूगलवर वर आणून देणं हा संपतचा धंदा. कुणी साड्या शोधो, नाहीतर दातांचा डॉक्टर शोधो, शंभर जणांतून आपल्याच गिऱ्हाइकाचं नाव आधी दिसलं पाहिजे. ही विद्या त्याला चांगली येत होती. आणि येते, याचा ताठाही होता.

चार वर्षांपूर्वी तो धाकटा भाऊ, लक्ष्मण, त्याच्या पुण्यातल्या घरातून निघून गेला. फोन बंद, पत्ता नाही, मित्रांनाही काही माहीत नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी आई गेली. ती गेली हे लक्ष्मणला अजून ठाऊक नव्हतं. एवढं एक त्याला कळावं म्हणून संपतने आपली सगळी विद्या पणाला लावून भावासाठी एक वेबसाइट उभी केली होती.

"हे बघा. 'लक्ष्मण दगडू लेंगरे' असं टाकलं... आला. पहिला!"

"किती जनांनी बघितलं?"

"महिन्यात एकशे बारा वेळा उघडलंय पान."

"कुनी कुनी?"

संपतने मोबाइल मांडीवर ठेवला.

"शंभरेक वेळा मीच."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली. दाणे एकीकडे, टरफल दुसरीकडे.

"लिवलंय काय त्यात?"

संपतने घसा साफ करून वाचलं. "'लक्ष्मण दगडू लेंगरे यांना कळविण्यात येते, की त्यांच्या मातोश्री श्रीमती भागीरथी दगडू लेंगरे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले आहे. तरी त्यांनी खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा.'"

"ह्या कोन बाई?"

"बुवा... आई."

"भागाक्का व्हय?" बुवांचा हात थांबला. "तिच्या मातीला आलतो मी. हे नाव काय ऐकलं न्हवतं बाबा."

संपतला ते लागलं. पण चारचौघांत शहाणा म्हणून नावाजलेला माणूस लागलेलं दाखवत नाही. तो खाली उतरला, एक काटकी उचलली आणि ओट्यापुढच्या मातीत रेघा ओढू लागला.

"एवढ्यावर भागत नाही, बुवा. एकटं पान वर चढत नसतं. त्याला दुसऱ्या पानांचा टेकू लागतो. मी एकेचाळीस पानं केलीत. हे आपल्या गावाचं. हे जत्रेचं. हे शाळेचं. हे त्याच्या कबड्डीच्या संघाचं, त्याच्यात फोटोसुद्धा घातलाय. आणि प्रत्येक पानावर दुसऱ्या पानाची लिंक आहे. बोट लावलं की तिकडे. तिथून पुन्हा इकडे. फिरत फिरत शेवटी या मधल्या गोलात."

"मधी काय हाय?"

"माझा नंबर."

बुवा वाकून बघू लागले.

"म्हंजे कुठनंबी आत शिरला, तरी तुझ्यापाशीच येनार."

"तीच तर खुबी आहे!"

"आनि ह्यातनं भायेर जायाची वाट कंची?"

"बाहेर?" संपतला हसू आलं. आता या म्हाताऱ्याला सगळं मुळापासून सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "बाहेर जाऊ द्यायचंच नसतं, बुवा. आलेला माणूस आतल्या आत फिरत राहिला पाहिजे. बाहेरची वाट ठेवली की गेलाच तो."

बुवांनी हातातलं टरफल त्या मधल्या गोलात टाकलं.

"लक्षुमन तुझ्या घरी किती वर्सं हुता?"

"तीन."

बुवांनी नुसतं "हं" केलं आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

संपत घाईघाईने बोलू लागला.

"पण लिंकचं राहू द्या. खरी मेख शब्दांत असते. समोरचा माणूस कुठला शब्द लिहून शोधेल, ते आपण आधीच ओळखायचं आणि तोच शब्द पानात पेरून ठेवायचा. कीवर्ड म्हणतात त्याला. एका बाईंचा लोणच्याचा धंदा होता. काळं कुत्रं विचारत नव्हतं त्यांना. मी बघितलं, तर निम्मे लोक 'लोनचं' असं लिहून शोधतात. झालं! जागोजागी 'लोनचं' घालून टाकलं. बाईंनी नाक मुरडलं, अशुद्ध दिसतं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुम्हाला शुद्धलेखनाचे मार्क पाहिजेत की गिऱ्हाईक?"

बुवा मनापासून हसले. तोंडात दात दोनच राहिले होते.

"हुशार हाईस."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. माठातून तांब्या भरला आणि संपतपुढे धरला.

"लांबनं आलायस. घे, पानी पी."

"पाणी," संपत म्हणाला.

मनात काही नव्हतं त्याच्या. नुसतं तोंडातून निसटलं. पण आल्यापासून बुवांचा एकेक 'न' त्याला भातात खडा लागावा तसा लागत होता, आणि हा शेवटचा गिळता आला नाही, हेही खरंच.

तांब्या तसाच हवेत राहिला.

"काय म्हनलास?"

"काही नाही, बुवा. चुकलं. सवय आहे."

"कुनाला शिकवताना लागली ही सवय?"

ओट्याच्या कडेला एक शेंग पडली होती, ती संपतने उचलून घेतली.

"ऑफिसात मोठे लोक आले होते," तो म्हणाला. "मोठं काम मिळणार होतं. लक्ष्मण माझ्याकडेच चहापाणी बघायचा, तो ट्रे घेऊन आला. म्हणाला, 'सायेब, पानी.' ते लोक एकमेकांकडे बघून हसले. मला लाज वाटली, बुवा. त्याची नाही, माझीच. मीही त्याच घरातला, हे त्यांना कळलं असतं. मग मी त्यांच्याहून मोठ्यानं हसलो. त्याला तिथंच उभं केलं. म्हटलं, म्हण, पाणी. बरोबर म्हण. दहा वेळा."

"म्हनला त्यो?"

"म्हणाला. नऊ वेळा चुकला. ट्रे हातातच होता. ते लोक मोजत होते... एक, दोन, तीन. दहाव्यांदा बरोबर म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण."

"मग?"

"सकाळी उठलो तर नव्हता."

वाऱ्याने थोडी टरफलं ओट्याखाली गेली. दोघांपैकी कुणी ती आवरली नाहीत.

एकाएकी संपतने मोबाइल उचलला. डोळे मोठे झाले होते.

"बुवा, मी शब्दच चुकीचे घातलेत. अरे देवा! परक्या बाईच्या लोणच्यासाठी 'लोनचं' घातलं, आणि ह्याच्या पानावर सगळं शुद्ध! तो 'लक्ष्मण' लिहिणारच नाही. 'मातोश्री' कशाला लिहील? आय म्हणायचा तो तिला. थांबा, आत्ता घालतो. इथंच बसून घालतो. 'लक्षुमन.' 'आय.' 'पानी.' चार दिवसांत वर येईल सगळं..."

त्याची बोटं भराभर चालू लागली. बुवांनी आपला हात त्या बोटांवर ठेवला.

"लिवशील मागनं. आधी तोंडानं म्हन."

"काय?"

"तू बी हितंच जल्मलास की. भागाक्काच्या लुगड्याला धरून पानी, पानी करत फिरायचास. म्हन."

संपतने तोंड उघडलं.

"पानी."

पुण्यात मित्रमंडळी जमली, की तो गावाकडच्या माणसांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. हुबेहूब तसंच ते आलं. त्याचं त्यालाही ऐकू आलं.

"हे सोंग झालं," बुवा म्हणाले. "तुझं म्हन."

संपतने पुन्हा तोंड उघडलं.

"पाणी."

"पुन्यांदा."

"पा... पाणी."

सहा वेळा झालं, सात वेळा झालं. कधी सोंग येई, कधी शुद्ध येई. ज्या जिभेने त्याने पहिल्यांदा आईकडे पाणी मागितलं होतं, ती जीभ काही केल्या सापडेना. आठव्या वेळेला त्याने दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं आणि पोरासारखा रडू लागला.

बुवांनी त्याला रडू दिलं.

"येत नाही, बुवा." आवाज गुडघ्यांतूनच आला. "आणि येऊनही काय उपयोग? तो आता जिथं असेल तिथं 'पाणी'च म्हणत असेल. दहाव्यांदा बरोबर म्हणाला होता ना... मीच शिकवलं. म्हणजे तो शब्दही गेला. आता कुठल्या शब्दानं शोधायचं त्याला?"

बुवा तांब्या घेऊन त्याच्याशेजारी टेकले.

"आईनं शेवटचे चार दिवस त्याचंच नाव घेतलं. मी सांगत होतो, येतोय, वाटेत आहे. खोटंच सांगत होतो. तिला कळत होतं... त्याला एवढं तरी कळू दे, बुवा. मग नाही आला तरी चालेल. मला शिव्या घातल्या तरी चालतील. एकेचाळीस पानांवरून रोज हाका मारतोय मी त्याला. माणूस हरवलाय माझा, आणि साधी ओ येत नाही!"

बुवांनी तांब्या त्याच्या पायाशी ठेवला. समोरच्या माळावर ऊन होतं. माणूस नव्हतं, जनावरही नव्हतं. बुवा तिकडे बघत म्हणाले,

"रानात हाका कोन मारतंय, संपत?"

...

संपतने डोकं वर केलं नाही.

"वाट चुकल्यालं मानूस मारतंय, लेकरा."