गैरहजेरीचं कारण

राजाचा माहूत हैबती हत्तीवरून पडला आणि त्याचा एक पाय कायमचा गेला. अपंग चाकरांना राजा तनखा देत असे. तो मागायला हैबती अख्खा दिवस सरपटत गड चढला, तर दिवाणजींनी मिशीला पीळ देत अर्जच फेटाळला. म्हणाले, "गड चढणारा पंगू कसला?"

आता राजाकडे दाद मागायची, तर पुन्हा गडच चढायचा! हैबती बायकोला म्हणाला, "गेलो तर धडधाकट ठरतो, नाही गेलो तर दावा बुडतो. सोड नाद."

"तुम्ही पायथ्याशी बसा," असं म्हणून साळू एकटीच वर गेली.

भर दरबारात दिवाणजी गरजले, "अर्जदार पायथ्याशी बसलाय? मग लिहा गैरहजर. दावा खारीज!"

साळूने हात जोडले. "लिहा की दिवाणजी. फक्त धनी वर का आले नाहीत, ते कारणही शेजारीच लिहा."

कारकुनाची लेखणी थांबली. राजा खदखदून हसला आणि त्याने तिथल्या तिथे तनखा मंजूर केला.

साळू धावतच खाली आली. ऐकून हैबतीने हुश्श केलं.

"आणि दिवाणजी?"

"येतायत मागून, तुमची सनद घेऊन. राजाचा हुकूमच आहे. आता परत गड त्यांनाच चढायचाय!"