पहाटे अडलेली बांगडी

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तळेझरी गावात बकुळा नावाची कासारीण बांगड्या भरायला यायची. तिच्या बोटांना डोळे होते, असं म्हणतात. हात हातात घेतला की बाईनं काल किती दळलं, ती किती रडली, तेही तिला कळायचं.

त्याच गावात धुरपदाबाईची सून होती, जाई. पहाटे जात्याचा खुंटा तिच्या मुठीत मावत नसे, पदराची गाठ सुटत नसे. दुपारी मात्र ती धुणं, शेणगोठा सगळं उरकायची.

"सकाळी पांगळी, दुपारी धडधाकट. सोंग हाय निव्वळ," सासू म्हणायची. तिनं एकदा भर दुपारी बकुळेला सुनेचे हात दाखवले. बांगड्या सरसर चढल्या. "हात तर बरे हायेत की," बकुळा सहज बोलून गेली. सासूला तेवढंच हवं होतं. जाईला कायमची माहेरी धाडायचं ठरलं.

ते ऐकून बकुळेच्या मनात आलं, आपण कायम ऊन चढल्यावर हात बघतो. पहाटेचे हात बघितलेत कुणी?

ती तांबडं फुटायला धुरपदाबाईच्या दारात हजर. गाडीला बैल जुंपलेले. "धुरपदाक्का, हिच्याच मापाची बांगडी भरते. चढली तर खुशाल धाडा."

बांगडी बोटांच्या मुळाशीच अडली. सांधे सुजलेले, हाताला चटका बसावा इतके गरम. जाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आता उन्हं येऊ द्या," बकुळा म्हणाली आणि ओसरीवर बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, तशी तीच बांगडी कुणी न ढकलता मनगटात उतरली, असं म्हणतात.

"सोंगानं सूज येत न्हाई, अक्का. आमवात हाय ह्यो, पहाटे सांधे धरतो, उन्हं चढली की सोडतो. चूक माझी, मी दुपारचंच बघितलं."

धुरपदाबाई पुढं आली. तिनं सुनेचे हात आपल्या पदरात घेतले आणि बैल सोडायला सांगितलं.

दुखणं काही गेलं नाही. जाईनं ते जन्मभर सोबत वागवलं. सकाळी निर्गुडीच्या पाल्याचा शेक, दळण सासूकडे, दुपारची कामं जाईकडे. एखादी दुपारही वाईट जायची, तेव्हा सासू निमूट धुणं उचलायची.

अजूनही तळेझरीत नव्या सुनेच्या बांगड्यांचं माप दोनदा घेतात, एकदा पहाटे, एकदा दुपारी. पहाटे बांगडी अडली तर घरचे तिला डॉक्टरकडे नेतात. आणि बकुळेची आठवण म्हणून, उन्हं अंगणात उतरेपर्यंत त्या गावात कुणी कुणाला आळशी म्हणत नाही.