रस्ता न विचारणारे

अप्पासाहेब खासनीसांची प्रांताधिकाऱ्याची नोकरी संपली, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही. स्वित्झर्लंडला गेल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी भाड्याची गाडी घेतली आणि धबधबा दाखवतो म्हणून घरच्यांना तीनदा एकाच चीजच्या कारखान्यासमोर नेऊन उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तळं बघायचं होतं. सून चाचरत म्हणाली, "बाबा, आज बसनं जाऊ या का?"

"बस नाही, ट्रेन नाही. गाडीच." अप्पासाहेबांनी किल्ली टेबलावर आपटली. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय. आजवर कुणाला रस्ता विचारलेला नाही."

त्यांच्या पत्नी मालिनीबाईंनी ती किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि ट्रेनची तिकिटं काढून समोर ठेवली.

"अहो, ट्रेनही कुणाला रस्ता विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती पोचते."