राजाची ओंजळ

"पण मी हरलो कसा? तेवढं सांगा."

राजा पद्मदेवानं हा प्रश्न आठ दिवसांत चौदाव्यांदा विचारला होता. सटवोजी म्हातारा खळ्यात जोंधळ्याची कणसं पसरत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"सांगतो की. आधी पात धरा."

पात धरायची म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाला, मेढीला, ओळीनं जुंपलेले चार बैल कणसांवरून गोल गोल फिरवायचे आणि आपण त्यांच्या मागं चालायचं. हे काम खरं सटवोजीच्या पोराचं, म्हाळूचं. पण म्हाळू घरात पालथा पडून होता, आणि त्याला कारण राजेसाहेबच होते. लढाई हरून, घोडा गमावून ते ओढ्यात पडले होते, तेव्हा म्हाळूनं त्यांना पाठीवर घालून घरी आणलं. नुसता राजा असता तर पोरानं पेललाही असता. पण अंगावर चिलखत होतं आणि राजा ते काढू देईना. म्हाळूची कंबर धरली ती धरलीच.

राजानं घरच्यांना सांगितलं होतं, "मी तेलाचा व्यापारी." चिलखत घालून तेल विकणारा माणूस वस्तीनं पहिल्यांदाच पाहिला. त्यात पहिल्या दिवशी म्हाळूच्या बायकोनं, भागाईनं, भाकरी वाढली, तर पाहुणा हात न लावता नुसता बसून. आधी दुसऱ्यानं चाखल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही राजवाड्यातली रीत. विषाचं भय! सटवोजी काय समजायचं ते समजला. "मी चाखतो," म्हणाला, आणि अर्धी भाकरी चाखून मोकळा झाला. दुसऱ्या दिवसापासून राजानं त्या रीतीचं नाव काढलं नाही.

तर हा राजा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दारी आलेल्याला पोटभर जेवू घालावं, त्याचं गोत उकरत बसू नये, अशी त्या घरची शिस्त. सगळे त्याला पाव्हणं म्हणत.

राजाची अडचण वेगळीच होती. सेनापती खंडेराय माणसं गोळा करून आज ना उद्या येणार, गेलेला गड परत घ्यायला जायचं म्हणणार. या वेळी हरलो तर मुंडकं जाणार, हे राजाला पक्कं ठाऊक. आणि पहिल्यांदा का हरलो ते उमगल्याशिवाय त्याला घोड्यावर बसायचा धीर होईना. प्रधान तर केव्हाच पळाले होते. वस्तीतली माणसं मात्र विहीर कुठं खणू, पोरगी कुठं देऊ, असलं सगळं सटवोजीलाच विचारायची. म्हातारा दोन शब्द बोलायचा आणि माणूस शांत होऊन घरी जायचा.

म्हणून राजानं पात धरली.

पश्चिमेकडून ढग चढत होते. चारांतले दोन बैल शेजाऱ्याचे, सावडीनं आलेले, संध्याकाळी परत करायचे. मळणी आजच उरकायला हवी होती. धान्य भिजलं तर वर्षभर काय खायचं, हा प्रश्न सटवोजीच्या घरात कोणी तोंडानं विचारला नव्हता, पण भागाई घडोघडी आभाळाकडं बघत होती.

राजा मात्र खुशीत होता. छाती पुढं, आसूड वर, नजर थेट समोर. बैल नव्हे, जणू गजदळच हाकत होता.

दुसऱ्या फेऱ्याला दुसऱ्या बैलाचं शेपूट वर झालं.

"अरे, कोण आहे रे तिकडे!" राजा ओरडला.

तिकडे कोणीच नव्हतं. शेणाचा पोहो जोंधळ्यावर पडला.

भागाई धावत आली. शेण उचललं, त्याबरोबर बरबटलेले दाणेही उचलावे लागले.

"पाव्हणं, शेपूट वर झालं की ओंजळ पुढं करायची. वरच्यावर झेलायचं न् भाईर टाकायचं."

"मी?… हातात?"

"मग काय पायात?"

राजानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. "बाबा, हे काम कोणाचं?"

"जवळ असंल त्याचं."

दुपारी राजाच्या पुढ्यात अर्धीच भाकरी आली. "ऱ्हायलेली शेणात गेली," भागाई म्हणाली. राजानं निमूट खाल्ली. रागावण्यासारखं बरंच होतं, पण भूकही बरीच होती.

दुपारनंतर त्याची नजर खाली आली. पहिल्यांदा तो उशिरा पोचला. दुसऱ्यांदा वेळेवर पोचला, पण तोंड फिरवून उभा राहिला, त्यामुळे निम्मं अंगरख्यावर आलं. तिसऱ्यांदा मात्र त्यानं नीट वाकून, डोळे उघडे ठेवून झेललं. एक दाणा बरबटला नाही. राजाला झालेला आनंद लपेना.

"झेललं!" तो ओरडला.

"बरं झालं," म्हातारा म्हणाला.

मग बैलांच्या मागं चालता चालता राजा बोलू लागला.

"शनी वक्री होता, बाबा."

"हं…"

"ऐन वेळी हत्ती बिथरला. सख्खा मेहुणा फितूर झाला."

"हं…"

"आणि गडाच्या मागच्या दिंडीदरवाजाची कडी निखळली होती. शत्रू तिथून आत आला. पण ती बारीकसारीक गोष्ट. राजानं बघायची नव्हे."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "कवापासनं निखळली व्हती?"

"तीन महिने झाले असतील."

"कुणाला ठावं व्हतं?"

"सगळ्यांनाच. येता-जाता दिसायची."

"मग?"

"पहारेकरी म्हणे, लोहाराचं काम. लोहार म्हणे, किल्लेदाराचा हुकूम आणा. आणि किल्लेदार…"

तिसऱ्या बैलाचं शेपूट वर झालं. राजा बोलणं टाकून धावला, वाकला, झेललं. दोन्ही हात काठोकाठ भरले.

तो तसाच उभा राहिला.

"…किल्लेदार माझ्या हुकमाची वाट बघत होता," राजा हळूच म्हणाला.

म्हातारा पुन्हा कणसं वरखाली करू लागला.

तेवढ्यात माळावर धूळ उठली. टापा वाजल्या. साठ घोडेस्वार खळ्याच्या कडेला येऊन थांबले. बैलही थबकले. सगळ्यांत पुढं सेनापती खंडेराय, कानात भिकबाळी, मिशांना पीळ.

खंडेरायानं राजाला पाहिलं. मग राजाच्या ओंजळीत पाहिलं. मग घाईघाईनं आभाळाकडं पाहिलं.

"महाराजांचा… विजय असो."

मागं कोणीतरी खोकल्यासारखं केलं. ते हसणं होतं.

राजाला लाज वाटली. कानाच्या पाळ्यांपर्यंत वाटली. हातातलं जिथल्या तिथं टाकून द्यावं असं मनात आलं. पण पायाखाली सगळा जोंधळा होता. त्यानं ओंजळ आणखी घट्ट धरली.

"महाराज," खंडेराय म्हणाला, "साठ निवडक वीर आणलेत. एकेक जण आपल्यासाठी प्राण देईल. हुकूम करा, आज गड घेऊ."

साठ तलवारी म्यानातून वर आल्या. ऊन नव्हतं, तरी बऱ्यापैकी चमकल्या.

राजा घोड्यांकडं वळला नाही. तो म्हाताऱ्याकडं वळला.

"बाबा, आता तरी सांगा. हातापाया पडतो. ही माणसं घेऊन जाऊ? जिंकेन मी?"

सटवोजी उठला. कमरेवर हात ठेवून त्यानं आभाळ बघितलं, स्वार बघितले, बैल बघितले…

"तुमचं तर दोन्ही हात भरल्यात, महाराज. आन् तिकडं चौथ्याचं शेपूट वर झालंय… बघू तरी, साठातला कोण घोड्यावरनं उतरतोय."