कल्हईवाल्याने ऐकलेले पान

एकदा एका मठातील शिष्याने बारा वर्षांच्या अध्ययनानंतर एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात स्वधर्मावर तीनशे पाने होती आणि शेजारच्या धर्मावर एक. ते पान त्याने एका बैठकीत लिहिले होते, आणि त्याच पानावर त्याचा भारी जीव होता. पौर्णिमेला त्याचे पहिले प्रवचन व्हायचे होते. पण गुरुजींनी ग्रंथाला संमती दिली तरच.

गुरुजींनी सारा ग्रंथ वाचला. ते एक पान दोनदा वाचले, वेगळे काढले आणि म्हणाले, "हे मठामागच्या दस्तगीर कल्हईवाल्याला वाचून दाखव. तो हो म्हणाला, तर माझी संमती."

शिष्य खट्टू झाला. बारा वर्षांच्या तपश्चर्येची परीक्षा कल्हईवाल्याने घ्यावी! पण आज्ञा मोडवेना.

दस्तगीरचाचा भाता चालवत होते. मठाची भांडी तीस वर्षे त्यांच्याच हातून उजळत होती. हात थांबवून त्यांनी पान ऐकले. ते लोक देवाला केवळ भितात, त्यांची प्रार्थना म्हणजे नुसती उठाबशी, प्रेम त्यांना ठाऊकच नाही, असे त्यात होते. ऐकून चाचांनी काळजीने विचारले, "कुठं राहतात हो ही माणसं? आपल्या गावाजवळ तर नाहीत ना?"

शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहून चाचा काय ते समजले आणि खो खो हसले. "आम्ही होय!"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पान घडी करून तो तिथेच बसला, आणि बारा वर्षांत प्रथमच त्याने विचारले, "चाचा, नमाजाला उभे राहिलात की तुम्हाला काय वाटतं?"

"मोठं मला सांगता येत नाही. गेल्या साली भावाशी बोलणं बंद होतं. शुक्रवारी रांगेत तो नेमका शेजारी आला. खांद्याला खांदा लावूनच उभं राहायचं असतं. लागला खांदा. मग राग किती वेळ धरणार, सांगा बरं?"

शिष्य परतला आणि गुरुजींसमोर मान खाली घालून म्हणाला, "इतक्या जवळ राहून मी कधी विचारलं कसं नाही?"

गुरुजी म्हणाले, "घरी पोटभर जेवलेला माणूस शेजारी काय शिजलंय हे विचारत नाही. त्या तृप्तीत वाईट काही नाही. पण तिच्या आड एक भीती असते बाळा. तिथलंही गोड निघालं, तर आपल्या अन्नाची चव कमी होईल की काय! म्हणून आपण न चाखताच त्याला कडू म्हणतो. आज तुझं काही कमी झालं का?"

"नाही. पण तुम्ही ते पान वाचताच चूक ओळखलीत."

"छे रे! दोनदा वाचलं, तरी मला चूक सापडेना. तीस वर्षं भांडी देतोय त्याला, मीही कधी विचारलं नाही. म्हणून तर तुला पाठवलं."

पौर्णिमेला शिष्याने ते पान गाळले आणि दोन भावांची गोष्ट सांगितली. चाचा मागे दाराशी उभे राहून ऐकत होते. गुरुजींनी त्यांना हाताने बोलावले, सतरंजीवर थोडे सरकले, आणि दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून बसले.